खाणीची डावी बाजू

मावशींना गावात सगळे पापुद्रे मावशी म्हणतात. नव्याने बदलून आलेल्या पोस्टमनने एकदा दारात उभं राहून विचारलं, "पापुद्रे इथेच राहतात ना?" तेव्हा सून हसू दाबत म्हणाली, "इथेच. पण ते आडनाव नाही बरं का, ती त्यांची पदवी आहे."

पदवी मिळाली ती पाटीच्या दगडाच्या खाणीवर. तिथल्या दगड फोडायच्या शेडमध्ये मावशींनी एकतीस वर्षं काढली. आतून आलेला ओला ठोकळा गुडघ्याला टेकवायचा, रुंद पात्याची छिन्नी कडेवर बरोबर मध्यावर धरायची आणि लाकडी हातोड्याने टकटक करायचं, की दगड वहीसारखा उघडतो. मग अर्ध्याचे अर्धे, आणि त्याचे पुन्हा अर्धे. कडेचा पातळ पापुद्रा आधी काढायला गेलं तर तो हमखास वाकडा फुटतो, म्हणून नेहमी मधूनच फोडायचं. ज्या ठोकळ्यातून बाकीच्या बायका छपराच्या आठ पाट्या काढून थांबत, त्यातून मावशी सोळा काढत, आणि सोळाही अशा, की एकीवर एक ठेवल्या तर पुन्हा मूळचा ठोकळाच वाटावा.

"देवाने दगडात रेघा आधीच मारून ठेवल्यात," नवीन आलेल्या बायकांना त्या सांगत. "आपण फक्त विचारायचं, बाबा, कुठे आहेत. दामटायचं नाही."

एक पथ्य मात्र होतं. दगड ओला हवा. खाणीतून निघताना त्याच्या अंगात जो ओलावा असतो तो आहे तोवरच तो उघडतो. एकदा वाळला की रुसला. मग तो फुटेल, तुकडे होतील, पण पापुद्रे सुटणार नाहीत.

खाण बंद झाली त्याला अकरा वर्षं झाली. कंपनी गेली आणि जाताना खाणीचे सगळे नकाशेही घेऊन गेली. पुढे ती कंपनीच बुडाली आणि नकाशे कुठे गेले ते कुणालाच कळलं नाही. शेवटच्या दिवशी शेवटच्या गाडीतून आलेला एक ठोकळा मावशींनी मुकादमाकडून मागून घेतला. उघड्या वहीएवढा लांबरुंद, चार बोटं जाड. घरी आणून बाथरूमच्या कोपऱ्यात टपात ठेवला, वर ओलं गोणपाट गुंडाळलं, आणि तेव्हापासून रोज आंघोळ झाली की दोन तांबे पाणी आधी त्याच्यावर.

"माझ्या बाळंतपणात एवढी आंघोळ मला नव्हती घातली," सून म्हणायची.

"तू वाळत नव्हतीस," मावशी म्हणायच्या.

कशासाठी ठेवलाय, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच, लागेल.

मावशींचे यजमान त्याच खाणीत आत काम करायचे. चौतीस वर्षं. डोंगराच्या पोटात सरळ गेलेला बोगदा, त्याच्या दोन्ही अंगांना दगड काढून काढून झालेल्या मोठमोठ्या खोल्या, मधे छत पेलायला सोडलेले दगडाचे खांब, आणि असे एकाखाली एक तीन मजले. हे सगळं त्यांना घरच्यासारखं पाठ होतं. बायकांना आत नेत नसत. मावशींनी खाणीचं तोंड शेडमधून रोज पाहिलं, पण आत एक पाऊल कधी टाकलं नाही. खाण बंद झाल्यावर यजमान छातीच्या दुखण्याने घरी बसले. संध्याकाळी खुर्चीत बसून ते सांगायचे आणि मावशी चौकटीच्या वहीत काढायच्या. डावीकडे पाच खोल्या, उजवीकडे चार. डावीकडची चौथी सगळ्यांत मोठी, ती त्यांची. तिच्या समोर पाण्याचा पंप. त्यांना खोकला आला की मावशी पेन्सिल ठेवून पाणी द्यायच्या. पाच वर्षं असं चाललं. मग ते गेले. वह्या राहिल्या, सात.

त्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त हेडमास्तरांनी गावात समिती काढली. खाणीत उतरणाऱ्यांना दिवे मिळायचे त्या जुन्या दिव्यांच्या खोलीत संग्रहालय करायचं आणि मधोमध खाणीची प्रतिकृती ठेवायची, असं ठरलं. हेडमास्तर स्वतः सचिव. मावशी वह्या घेऊन त्यांच्याकडे गेल्या.

"प्रतिकृती मी करते."

सचिवांनी चष्मा पुसला. "आम्ही शहरातून एखादा कलाकार आणायचं म्हणतोय."

"आणा की. पण बोगदा किती फूट, खांब किती जाड, ते त्याला मीच सांगायचं ना? मग मधे त्याला कशाला बसवायचं?"

सचिवांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि कामाला होकार दिला.

मावशींनी माप धरलं दहा फुटांना एक इंच. चारशे फुटांचा बोगदा झाला चाळीस इंचांचा. खोल्या तीन इंच उंच. माणूस म्हणाल तर दोन तांदूळ एकावर एक ठेवावेत तेवढा. शेडमध्ये उरलेल्या शेवटच्या बारा तयार पाट्यांच्या फरशा केल्या, एका मजल्याला चार. त्यांवर दगडाचेच खांब सरसाने चिकटवले, सगळे एका उंचीचे, म्हणजे मजल्यावर मजला नीट बसेल आणि बघायला हवा तेव्हा उचलता येईल. रूळ तारेचे. गाड्या पत्र्याच्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या. डोंगर कागदाच्या लगद्याचा, तो झाकणासारखा वरून निघायचा. रोज सकाळी देवापुढे हात जोडायचे आणि दिव्यांच्या खोलीत जाऊन बसायचं, असं चार वर्षं चाललं. फक्त बाहेरच्या शेडची छपरं बाकी होती. त्यासाठी नखाएवढ्या पाट्या लागणार होत्या आणि त्या टपातल्या ठोकळ्यातून काढायच्या, हे मावशींनी मनाशी पक्कं केलं होतं.

उद्घाटनाला नऊ दिवस उरले असताना ढकलकाका आले.

ढकलकाका म्हणजे खाणीत आयुष्यभर गाड्या ढकललेला माणूस. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलासुद्धा फॉर्म भरतानाच आठवतं. पाच वर्षं ते मुलाकडे दुसऱ्या गावी होते. आता उद्घाटन आहे म्हणून बायकोसह परत आलेले. आत काम केलेली माणसं गावात तिघंच उरली होती. त्यांतले दोघे अंथरुणाला खिळलेले, तेव्हा हिंडता-फिरता हा एकच.

मावशींनी डोंगर उचलून बाजूला ठेवला. काका काठीवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ बघत राहिले. मग वाकून दोन बोटं बोगद्याच्या तोंडाशी टेकवली आणि माणूस चालावा तशी आत चालवत नेली.

"वा. हे रूळ. हा पंप. आणि ही आमची डबे ठेवायची फळी, हीसुद्धा केलीत? वा, वहिनी, वा." बोटं थांबली. "पण हे उलटं का केलंत?"

"काय उलटं?"

"सगळंच."

सचिव खिडकीशी निमंत्रणपत्रिका मोजत होते. त्यांचे हात थांबले.

"चौथी खोली इकडे पाहिजे." काकांनी काठीने दाखवलं. "उजव्या हाताला. तुम्ही डावीकडे केलीत."

"डावीकडेच होती," मावशी म्हणाल्या. "ह्यांनी सांगितलंय. एकदा नाही, शंभरदा. वहीत आहे."

"तो डावीकडेच सांगणार."

"मग?"

"होतीच ती डावीकडे."

"काका," सचिव म्हणाले, "एकदा काय ते ठरवा."

काकांना बोलून सांगता येईना. ते काठी टेकत प्रतिकृतीच्या तोंडाशी गेले आणि तिच्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून उभे राहिले. दोन्ही हात पुढे केले, गाडीच्या दांडीवर ठेवावेत तसे.

"आता मी गाडी भरून बाहेर निघालो. ही माझी डावी." त्यांनी डावा हात तसाच मागे नेला आणि न बघता प्रतिकृतीच्या एका बाजूवर ठेवला. तिथे मावशींनी चार खोल्या केल्या होत्या. "पाच इकडे. मोठी इकडे."

मावशींनी त्या चार खोल्या पुन्हा मोजल्या.

"अहो, आत जाताना गाडी रिकामी. तिला कोण विचारतं? भरलेली गाडी बाहेर येते, तिच्यासाठी वाट मोकळी करायची, आरोळी मारायची. म्हणून आमचं डावं-उजवं सगळं बाहेर तोंड करून. आणि दिवा गेला तर? माणसाला एकच दिशा पाठ पाहिजे, बाहेरची. पहिल्या दिवशी मुकादम दुसरं काही शिकवायचाच नाही."

"मग ह्यांनी मला कसं सांगितलं नाही?"

"त्याला तरी कुठे माहीत होतं, वहिनी, की जगात दुसरीही एक डावी असते."

मावशी स्टुलावर बसल्या. चार वर्षांचं काम उलटं झालं, हे कळायला त्यांना क्षणभर वेळच लागला. आधी मनात आलं ते एवढंच, की ह्यांचं काही चुकलं नव्हतं. चूक आपली. आपण आयुष्यभर शेडमधून त्या तोंडाकडे बाहेरून बघत आलो, आणि आपल्या बाजूनेच ऐकत गेलो. ते सांगत होते ते अक्षर न अक्षर खरं होतं.

सचिवांनी घसा साफ केला. "मावशी, पत्रिका गेल्यात. पाहुणे येणार. आणि खरं सांगू का, हे कळणार कुणाला? बाहेरून सगळं बरोबर आहे. आतलं ठाऊक असलेले तिघं."

"काल अडीचशे होते. आज तिघं. उद्या कुणी नसेल. मग नकाशाही नाही आणि माणसंही नाहीत, त्या दिवशी हीच खाण होणार, मास्तर. पोरं हीच बघून सांगणार, आमचे आजोबा इथे काम करायचे. आणि ते तिथे नव्हतेच."

"मग करायचं काय?"

"नऊ दिवस आहेत. झालं नाही तर दाराला कुलूप लावा आणि सांगा, मावशी आजारी आहे. पाहुणे परत जातील. पण उलटी खाण मी दाखवणार नाही."

सचिव काकांकडे बघायला लागले, काका छताकडे.

घरी आल्यावर मुलाने सगळं ऐकून घेतलं. तो गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करतो, त्यामुळे त्याला खोलून बसवण्याचं भय नाही. तरी तो म्हणाला, "आई, तीन मजले. सत्तावीस खोल्या. खांब किती?"

"एकशे अकरा."

"एकेक सोडवून दुसरीकडे लावायचा म्हणजे वर्ष गेलं."

मावशींनी वही उघडून पहिल्या मजल्याचं पान काढलं आणि खिडकीशी नेलं. पान पालथं करून काचेवर धरलं. उन्हात रेघा मागून दिसत होत्या. डावीकडच्या पाच खोल्या उजवीकडे, आणि बोगद्याचं तोंड होतं तिथेच.

"खांबांना कुठे माहीत आहे, वर काय नि खाली काय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"खांब सगळे एका उंचीचे. त्यांच्या डोक्यावर नवीन फरशी चिकटवायची. मजला आख्खा पालथा घालायचा. मग जुनी फरशी, जी आता वर आली, ती काढून टाकायची. एकही खांब हलवायचा नाही."

मुलगा पानाकडे बघत राहिला. "जुनी निघेल?"

"सरस आहे. गरम पाण्याचं फडकं ठेवलं की सुटतो. नवीन मात्र तुझ्या त्या दोन ट्यूबांच्या गमने लावायची, त्याला पाणी काही करत नाही ना?"

"इंजिनाला लावतो आम्ही तो. पण आई, जुन्या फरशा पुन्हा वापरता येणार नाहीत. निघताना तुटतील."

"तुटतील."

"मग बारा फरशा आणणार कुठून? एवढ्या पातळ?"

मावशी बाथरूमकडे निघाल्या.

"बाहेर काढताय?" सून मागोमाग आली. "खरंच? थांबा, फोटो काढते. अकरा वर्षांनी बादली नीट ठेवता येणार."

मुलाने ठोकळा अंगणात आणून ठेवला. मावशींनी गोणपाट सोडलं. दगड गडद निळा, गार, नुकता आणल्यासारखा. पण वरून ओला असणं वेगळं आणि आतून ओला असणं वेगळं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? अकरा वर्षांत आतला ओलावा टिकला की नाही हे फोडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि फोडायला दुसरा दगड नव्हता. त्यांनी अंगठा कडेवरून फिरवला. डोळे मिटून हात जोडले, मग छिन्नी मध्यावर धरली. सून दारात उभी होती.

पहिल्या टकटकीला काही झालं नाही. दुसरीलाही नाही. मावशींनी जोर वाढवला नाही. छिन्नी कडेने बोटभर सरकवून तेवढंच ठोकलं, पुन्हा सरकवून पुन्हा ठोकलं. एक बारीक करकर ऐकू आली, आणि ठोकळा उघडला. आतली दोन्ही पानं ओलसर, काळीभोर, नितळ.

"अगं बाई," सून हळूच म्हणाली.

दोनाचे चार, चाराचे आठ. आठाला मावशींनी हात झटकले, पाणी प्यायल्या. चौसष्ट वर्षांचे हात. मनगट दुखत होतं, पण दगड ऐकत होता, आणि दगड ऐकत असताना उठायचं नसतं. संध्याकाळच्या आत अंगणात सोळा पाट्या ओल्या फडक्यावर मांडलेल्या होत्या. एक उचलताना सुनेच्या हातून कोपऱ्याला फुटली.

"गेली," ती रडवेली झाली.

"पंधरा आहेत. बारा लागतात. आणि कोपरा जाऊ दे, तिची छपरं होतील."

पुढचे सहा दिवस दिव्यांच्या खोलीत तिघांचं बिऱ्हाडच होतं. मुलाने रजा काढली होती. मावशी फरशा मापाने कापायच्या, मुलगा ट्यूबांतला गम कालवून खांबांच्या डोक्यांवर थेंब थेंब ठेवायचा, वर फरशी, वर वजनाला विटा, आणि एक दिवस हात लावायचा नाही. मग दोन्ही टोकांना फळ्या धरून मजला पालथा घालायचा.

"तोंड हलू देऊ नका," मावशी सांगायच्या. "बोगद्याच्या रेघेवरच फिरवा. कूस बदलल्यासारखं."

पहिला मजला पालथा झाला. गरम फडक्याखाली सरस मऊ पडला, खोलीभर त्याचा वास सुटला, सचिव नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहिले. मावशींनी पातळ छिन्नी फरशीखाली घातली. फरशी तीन तुकड्यांत निघाली आणि खाली खांब उभेच्या उभे. काकांना बोलावून घेतलं. त्यांनी पाठ करून हात मागे नेला, चाचपलं, आणि नुसतं "हं" म्हणाले.

दुसऱ्या मजल्याला सहा खांब जुन्या फरशीबरोबर उचलून आले. ते एकेक सोडवून, वहीतलं माप बघून, पुन्हा लावले. तिसरा मात्र गुणी निघाला. रूळ, पंप, डब्यांची फळी, सगळं नव्याने बसवलं. दर मजल्याला मावशी आधी स्वतः प्रतिकृतीकडे पाठ करून उभ्या राहायच्या, हात मागे न्यायच्या, मगच काही चिकटवायच्या. सून म्हणाली, "रस्त्यातून कुणी बघितलं तर वाटेल ह्या खाणीवर रुसल्यात."

आठव्या दिवशी फक्त छपरं राहिली होती. ती मावशींनी नवव्या दिवशी दुपारपर्यंत लावली. नखाएवढ्या पाट्या, तीनशे बारा.

मग त्यांनी एक गोष्ट करायला सांगितली. टेबल फिरवा. खाणीचं तोंड दाराकडे होतं, ते समोरच्या खिडकीकडे करा.

"अहो, लोक दारातून येणार ना?" सचिव म्हणाले. "त्यांना पाठ दिसेल."

"दिसू दे. माणूस आला की आधी खाणीच्या पोटातल्या टोकाशी उभा राहील. समोर बोगदा, त्याच्या टोकाला उजेड. मग त्याचं डावं ते खरं डावं. ह्यांचं डावं."

सचिवांनी खिशातून छापलेले पुठ्ठे काढले. 'डावीकडील चौथी खोली, खाणीतील सर्वांत मोठी.' त्यांनी टेबलाच्या आतल्या टोकाशी उभं राहून पुठ्ठा आणि खाण दोन्ही आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे हे बदलायला नकोत?"

"नकोत. तुम्ही पहिल्यापासून बरोबरच होता, मास्तर. तुम्हाला ठाऊक नव्हतं इतकंच."

सचिवांचा चेहरा नऊ दिवसांत पहिल्यांदा सैल झाला.

उद्घाटनाच्या सकाळी दाराबाहेर रांग लागली. भाषणं थोडक्यात आटोपली. पहिला मान समितीने ढकलकाकांना दिला. ते बायकोला घेऊन आत आले. ही बाईही शेडमधलीच, मावशींच्या शेजारी दगड फोडलेली. आत तिनेही कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. दोघं टेबलाच्या आतल्या टोकाशी उभी राहिली. डोंगराचं झाकण काढून ठेवलेलं होतं, आणि खिडकीतला उजेड खाणीच्या तोंडातून सरळ बोगद्यात आला होता, रूळ चमकत होते.

"तुमची वाट कुठली?" बायकोने विचारलं.

काकांनी काठी तिच्याकडे दिली. बोट सर्वांत वरच्या मजल्यावर ठेवलं, चौथ्या खोलीपासून रुळावर आणलं, आणि हळूहळू तोंडाकडे नेऊ लागले. मधे एका ठिकाणी थांबले. "इथे आरोळी मारायची." पुन्हा निघाले. ह्या वेळी त्यांना पाठ करावी लागली नाही. बोट उजेडात आल्यावर त्यांनी मावशींकडे पाहिलं.

"वहिनी, तुम्ही कधीच आत गेला नव्हतात ना?"

"कोण म्हणतं?" मावशी म्हणाल्या. "नऊ दिवस आतच होते."

काकांची बायको हसली, आणि मग डोळे पुसायला लागली. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण लक्ष दाराकडे होतं. रांगेतली दोन माणसं सवयीने टेबलाला वळसा घालून खिडकीच्या बाजूला चालली होती.

"तिकडून नाही," मावशींनी तिथूनच हाक दिली. "इकडून या. बाहेर तोंड करून बघा."